नदीला काठ देणारा माणूस

लंडनला लेकीकडे गेलेल्या निवृत्त बापाचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. सकाळी नातवाला शाळेत पोचवायचं, दुपारी वरणभाताचा कुकर लावायचा आणि मधल्या वेळात लंडन बघायचं. २०१९ च्या उन्हाळ्यात माझंही तेच चाललं होतं. जावयांनी पाहण्याजोग्या ठिकाणांची यादी हातात ठेवली होती. राणीचा वाडा, मेणाचे पुतळे, संग्रहालयं वगैरे. त्यातलं निम्मंही माझ्याकडून पाहून झालं नाही. कारण तिसऱ्या की चौथ्या दिवशी थेम्सच्या काठानं चालता चालता मी एका बांधकामापाशी थबकलो आणि मग रोज तिथंच जाऊ लागलो.

वेस्टमिन्स्टरपासून ब्लॅकफ्रायर्सच्या पुलापर्यंत नदीच्या कडेनं एक रुंद रस्ता जातो. व्हिक्टोरिया एम्बँकमेंट त्याचं नाव. एका बाजूला मोठाली झाडं, दुसऱ्या बाजूला छातीइतका उंच ग्रॅनाइटचा कठडा आणि पलीकडे नदी. त्या कठड्याला लागून एका जागी पत्र्याचं कुंपण होतं. आतल्या बाजूला नदीच्या पात्रात पोलादी पत्रे ठोकून एक वेढा केलेला, त्यात क्रेन, माती उपसणारी यंत्रं. मला नवल वाटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. जुन्या भिंतीवर ठरावीक अंतरानं छोटी चकचकीत भिंगं बसवलेली होती. चौकशी केली तेव्हा कळलं, की शेजारी खोदकाम चालू असताना ही भिंत एखाद्या केसाइतकी जरी सरकली, तरी ते त्या भिंगांवरून कळावं, अशी ती व्यवस्था आहे. दीडशे वर्षांच्या म्हाताऱ्या भिंतीच्या उशाशी जणू कुणी रात्रंदिवस नाडी धरून बसलं होतं.

मी तिथं का थांबलो, हे सांगायचं तर मला तीस वर्षं मागं जावं लागेल.

१९८९ साली कृष्णाखोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत फील्ड ऑफिसर होतो. जुन्या घाटाला लागून असलेल्या जागेवर एकाला इमारत बांधायची होती आणि कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. मी जागा पाहायला गेलो. उतारा पाहिला, चतुःसीमा तपासल्या, टेपनं लांबीरुंदी मोजली, तारणाची किंमत काढली. पूर्वेस नदी, असं लिहिलं. जागा आणि नदी यांच्यामध्ये काळ्या दगडाची एक जुनी भिंत उभी होती. तिच्यासाठी अर्जात रकाना नव्हता, म्हणून मीही काही लिहिलं नाही.

पाया खणला गेला, तो भिंतीच्या अगदी पाठीला चिकटून. श्रावणात पूर आला. नदीनं भिंतीला ढकललं आणि त्या वेळी भिंतीच्या पाठीशी मातीच नव्हती. आधी भिंतीला फुगारा आला, मग रात्रीतून पंधरा-वीस हात भिंत त्या खड्ड्यात कोसळली आणि शेजारच्या घराची एक बाजू सोबत घेऊन गेली. घरात एक काकू एकट्या राहत. शेजाऱ्यांनी त्यांना वेळेवर शाळेत हलवलं, म्हणून जिवावरचं टळलं. त्यांची पेन्शन आमच्याच शाखेत येई. पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या आल्या आणि नेहमीप्रमाणे पैसे काढायची स्लिप माझ्यापुढे सरकवून, साहेब, एवढी भरून देता का, असं म्हणाल्या. भिंतीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. ती स्लिप मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून त्या ग्रॅनाइटच्या भिंतीपाशी माझे पाय खिळले. ही कुणी बांधली, म्हणून शोध घेतला तेव्हा एक नाव पुढं आलं : जोसेफ बॅझलजेट.

या माणसाचा जन्म २८ मार्च १८१९ चा, लंडनजवळच्या एन्फील्डचा. आडनाव इंग्रजी वाटत नाही, कारण ते फ्रेंच आहे. आजोबा फ्रान्समधून आलेले शिंपी. त्यांचा धंदा इतका भरभराटला, की इंग्लंडच्या युवराजाचे कपडे ते शिवत आणि युवराजाकडे त्यांची भलीमोठी उधारी थकलेली असे. वडील आरमारात अधिकारी. जोसेफ अंगानं किरकोळ. सतराव्या वर्षी तो सर जॉन मॅकनील या नामांकित इंजिनिअरच्या हाताखाली उमेदवारीला लागला आणि आयर्लंडमध्ये पाणथळ जमिनीतला निचरा करायचं, पाण्याखालची जमीन बाहेर काढायचं काम शिकला. पुढं जन्मभर तो जे करणार होता, त्याची धुळाक्षरं त्यानं तिथं गिरवली.

१८४२ मध्ये त्यानं लंडनला स्वतःचं कार्यालय थाटलं. ते दिवस रेल्वेच्या वेडाचे होते. जो तो रेल्वेच्या कंपन्या काढत होता, शेअर घेत होता, आणि इंजिनिअरांना झोपायला वेळ नव्हता. बॅझलजेटनं इतकं काम अंगावर घेतलं, की १८४७ मध्ये तो पार मोडून पडला. अठ्ठाविसाव्या वर्षी सगळं सोडून त्याला गावाकडे जाऊन विश्रांती घ्यावी लागली. चांगला वर्षभर तो कामाबाहेर होता. परत आला तो १८४९ मध्ये, आणि त्यानं नोकरी धरली ती गटारांच्या खात्यात. रेल्वेच्या झगमगाटातून गटारात, हे त्या काळी कुणाला बढतीसारखं वाटलं नसणार.

त्या वेळचं लंडन कसं होतं, ते आज डोळ्यांपुढं आणणं अवघड आहे. जगातलं सगळ्यांत मोठं आणि श्रीमंत शहर. वस्ती चोवीस लाखांच्या घरात. नव्या तऱ्हेचे, पाणी सोडायचे संडास घरोघर आले होते आणि त्यांची घाण पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या जुन्या गटारांतून थेट थेम्समध्ये जात होती. पिण्याचं पाणीही बऱ्याच वस्त्यांना त्याच नदीतून मिळत होतं. त्यातच बंगालमधून निघालेला कॉलरा १८३२ मध्ये लंडनला पोचला. १८४८-४९ च्या साथीत तिथं चौदा हजारांच्या आसपास माणसं दगावली. १८५३-५४ च्या साथीत आणखी दहा हजारांवर गेली. दुर्गंधीनं रोग होतो, अशी शहाण्यासुरत्यांचीही समजूत होती. जॉन स्नो नावाचा डॉक्टर, रोग हवेतून नव्हे तर पाण्यातून येतो, हे पटवू पाहत होता. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशाभोवतीचे मृत्यू त्यानं १८५४ मध्ये मोजून दाखवले, पण त्याचं म्हणणं फार थोड्यांना पटलं.

१८५६ मध्ये साऱ्या शहराच्या कामांसाठी एक मंडळ नेमलं गेलं आणि बॅझलजेट त्याचा मुख्य इंजिनिअर झाला. त्यानं योजना आखली. नदीला काटकोनात येऊन मिळणाऱ्या गटारांना नदीपाशी पोचण्याआधीच आडवं जाऊन अडवायचं, त्यासाठी नदीला समांतर मोठी भुयारी गटारं बांधायची, उत्तरेला तीन आणि दक्षिणेला दोन. सगळी घाण शहराच्या पूर्वेला कित्येक मैल दूर न्यायची आणि ओहोटीच्या वेळी सोडायची, म्हणजे ती समुद्राकडे जाईल. योजना वर गेली, शेरे मारून परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. खर्च जास्त, जागा चुकीची, आणखी एक समिती नेमा. माझी हयात बँकेत गेली असल्यामुळे त्या फाइलीचा प्रवास मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

फाइल हलली ती नाकामुळे. १८५८ चा जून महिना कडक उन्हाचा निघाला. थेम्सचं पाणी आटलं आणि काठावर साचलेला मैला तापू लागला. पार्लमेंटची नवी इमारत नेमकी नदीकाठी. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले, तरी सभासदांना आत बसवेना. नाकाला रुमाल लावून मंत्री बाहेर पडू लागले. दोन वर्षं रेंगाळलेली गोष्ट मग अठरा दिवसांत मार्गी लागली. २ ऑगस्ट १८५८ रोजी कायदा झाला आणि मंडळाला तीस लाख पौंडांचं कर्ज उभारायची मुभा मिळाली. डॉक्टर स्नो मात्र हे बघायला राहिला नाही. त्याच जून महिन्यात तो वारला होता.

पुढची पंधरा-सोळा वर्षं बॅझलजेटनं लंडन खणून काढलं. ८२ मैलांची मुख्य गटारं, त्यांना येऊन मिळणारी हजारावर मैलांची लहान गटारं, सुमारे ३१ कोटी ८० लाख विटा. उतार मैलाला दोन फूट, त्याहून कमी नाही. त्यासाठी गटारं हळूहळू इतकी खोल जात, की शेवटी पाणी वर चढवायला प्रचंड वाफेचे पंप बसवावे लागले. क्रॉसनेसचे पंप १८६५ मध्ये सुरू झाले, ॲबे मिल्सचे १८६८ मध्ये. शहराची वस्ती पंचवीस लाखांच्या आसपास असताना त्यानं हिशेब धरला तो साडेचौतीस लाखांचा. आम्ही कर्ज देताना मार्जिन ठेवतो ते बँकेच्या सुरक्षिततेसाठी. यानं मार्जिन ठेवलं ते अजून जन्माला न आलेल्या माणसांसाठी.

माझ्यातल्या फील्ड ऑफिसरला त्याची सर्वांत भावलेली गोष्ट सिमेंटची आहे. पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवीन होतं. पाण्यात ते घट्ट होतं हा गुण, पण भट्टी बिघडली तर माल कुचकामी निघतो हा दोष. म्हणून लोक त्याला बिचकत. बॅझलजेट आणि त्याचा सहकारी जॉन ग्रँट यांनी नियम केला, की आलेल्या मालाची चाचणी झाल्याशिवाय तो कामावर जायचा नाही. ठोकळे पाडायचे, पाण्यात ठेवायचे, ताण देऊन किती भाराला तुटतात ते बघायचं आणि नोंद करायची. हे काम कंटाळवाणं आहे. त्यावर कुणी कादंबरी लिहीत नाही, मीही लिहिली नाही. पण ती गटारं आज दीडशेहून अधिक वर्षांनी उभी आहेत, यात त्या नोंदवह्यांचा वाटा मोठा आहे.

आता भिंतीकडे येऊ. उत्तरेकडचं सर्वांत खालचं गटार नदीलगत न्यायचं होतं. ते गर्दीच्या स्ट्रँड रस्त्याखालून न्यायचं तर अर्धं शहर बंद पडलं असतं. बॅझलजेटनं मग नदीतच जागा केली. पात्रात वेढे घालून, पाणी उपसून, तळ लागेपर्यंत खाली जाऊन पाया घातला आणि ग्रॅनाइटची भिंत उभी केली. भिंत आणि जुना काठ यांच्यामध्ये भराव घातला. त्या भरावाच्या पोटात गटार, गॅस आणि पाण्याच्या नळांसाठी वेगळं भुयार आणि त्याच्या शेजारून भुयारी रेल्वे. वर रस्ता आणि बागा. खर्चाला कोळसा आणि दारू यांवरच्या जकातीचा पैसा आला. ३० मे १८७० रोजी खालून गाडी धावली आणि १३ जुलैला युवराजानं वरचा रस्ता खुला केला. पलीकडल्या तीरावर अल्बर्ट एम्बँकमेंट आधीच, १८६९ मध्ये, पुरं झालं होतं. चेल्सीचं १८७४ मध्ये झालं. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या बागेत सतराव्या शतकातली एक कमान आहे. पूर्वी सरदार मंडळी तिच्या पायऱ्यांवरून होडीत चढत. आज ती नदीपासून शंभर मीटरांहून दूर कोरड्यात उभी आहे. नदी किती मागं सारली गेली, ते तिथं डोळ्यांना दिसतं.

दिसायला ती नुसती भिंत. पण तिच्या पुढं दिवसातून दोनदा सहा-सात मीटरांनी चढणारं-उतरणारं पाणी आणि तिच्या पाठीशी ओला भराव. भरती असते तेव्हा नदी तिला आत ढकलते, ओहोटी झाली की भरावातलं पाणी तिला बाहेर ढकलतं. दोन्हींमध्ये ती तोल सांभाळून असते. अशा भिंतीच्या बुडाशी किंवा पाठीशी कुणी खणलं, तर तिचा तोल काढून घेतल्यासारखं होतं. हे मला १९८९ मध्ये कुणी सांगितलं नाही असं नाही. साइटवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, की साहेब, भिंतीला ओळंबा लावून बघा, मग खणू द्या. मला पुढच्या गावची वसुली गाठायची होती.

बॅझलजेटच्या हातूनही सगळं बरोबरच झालं असं समजू नये. त्याची गटारं दुर्गंधी घालवण्यासाठी बांधलेली होती. कॉलरा गेला तो पाणी शुद्ध झालं म्हणून. म्हणजे समजूत चुकीची आणि उपाय अचूक, असा तो प्रकार. १८६६ मध्ये पुन्हा साथ आली आणि पूर्व लंडनमध्ये पाच हजारांवर बळी घेऊन गेली. त्या भागात नवी गटारं अजून चालू झालेली नव्हती. त्यानंतर मात्र लंडननं कॉलऱ्याची मोठी साथ पाहिली नाही. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात वेगळा काढून दाखवला तो १८८४ मध्ये.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची. घाण शहराबाहेर गेली, पण नदीबाहेर गेली नाही. ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी प्रिन्सेस ॲलिस नावाची सहलीची बोट पूर्वेकडे, गटारांच्या मुखांजवळच एका मोठ्या जहाजावर आदळून बुडाली. तासाभरापूर्वीच मैलापाणी सोडलेलं होतं. सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यांत बायकामुलं कितीतरी. नुसतं पुढं ढकलणं हा उपाय नव्हे, हे सरकारला उमजायला त्यानंतरही काही वर्षं लागली. १८८७ पासून गाळ वेगळा काढून बोटींनी समुद्रात नेऊ लागले.

बॅझलजेटला अकरा मुलं. १८७५ च्या सुमारास तो सर झाला. इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. हॅमरस्मिथ, पटनी, बॅटर्सी हे पूल त्यानं बांधले. त्याचं मंडळ शेवटी शेवटी भ्रष्टाचाराच्या आरोपांत सापडलं आणि १८८९ मध्ये बरखास्तच झालं. ज्याच्या हाताखालून लाखो पौंडांची कामं गेली, त्या मुख्य इंजिनिअरवर मात्र डाग आला नाही. १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डनला तो वारला. पुढं दहा वर्षांनी त्याच्याच भिंतीवर त्याचा अर्धपुतळा बसवला गेला. खाली लॅटिन भाषेत कोरलंय, की या माणसानं नदीला बेड्या घातल्या.

बेड्या कितीही मजबूत असल्या तरी शहर वाढतच असतं. लंडनची वस्ती नव्वद लाखांच्या आसपास गेली. बॅझलजेटच्या गटारांतून मैला आणि पावसाचं पाणी एकत्र जातं. जोराचा पाऊस झाला, की जादा पाणी घरांत शिरू नये म्हणून ते नदीत सोडून द्यायची सोय त्यानंच केलेली होती. कधीमधी लागणारी ही सोय अलीकडे वारंवार लागू लागली. म्हणून २०१६ पासून थेम्सखाली पंचवीस किलोमीटर लांब, सव्वासात मीटर व्यासाचं नवं भुयार खणायला घेतलं. मी पाहत होतो ते त्याचंच काम. नव्या भुयाराला जुनी गटारं जोडायची तर उतरावं लागत होतं ते नेमकं जुन्या भिंतींच्या शेजारी. म्हणून आधी त्या भिंती तपासायच्या, गरज तिथं बळकट करायच्या, आणि मगच खणायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळी जोडणी पुरी झाली. ब्लॅकफ्रायर्सपाशी नदीत नवी जागा तयार झाली, तिला बॅझलजेटचंच नाव दिलं आहे.

या वर्षी पुन्हा लेकीकडे गेलो होतो. कुंपण गेलं होतं, क्रेन गेली होती. भिंतीवर सिंहांची तोंडं आहेत, त्यांच्या जबड्यांत होड्या बांधायची कडी. सिंह पाणी प्यायले की लंडन बुडणार, असं तिथले लोक म्हणतात. नातू आता उंच झालाय. त्यानं ओणवून पाहिलं आणि सिंह तहानलेलेच आहेत, असं मला सांगितलं. मी त्याला पुतळ्यापाशी नेलं आणि हा आजोबा कोण, ते सांगितलं. १९८९ ची गोष्टही सांगितली. मी ती घरात कुणालाच सांगितली नव्हती, त्याच्या आजीलाही नाही. त्यानं विचारलं, की मग त्या आजींना सॉरी म्हणालास का? मी नाही म्हणालो.

परत आल्यावर त्या गावी जाऊन आलो. काकू केव्हाच गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाचं घर आहे. कोसळलेल्या जागी सिमेंटचं ठिगळ आहे, बाकी भिंत जुनीच, काळ्या दगडाची. पाठीमागचं पाणी निघून जावं म्हणून जुन्या गवंड्यांनी तिच्यात भोकं ठेवलेली आहेत. ती माती आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बुजली होती. घाटावरच एक काठी सापडली. गुडघे दुखत होते, तरी पायऱ्यांवर बसून हाताला येतील तेवढी मोकळी केली. एका भोकातून थोडं गढूळ पाणी आलं. बरीच अजून बुजलेली आहेत. वरच्या अंगाला नव्या इमारतीचा फलक लागला आहे. नगरपालिकेत जाऊन मी एक अर्ज देऊन आलोय आणि त्याची पोच खिशात आहे. या वेळी भिंतीसाठी वेगळा परिच्छेद लिहिला आहे.